बोळा

जिना चढतानाच बुद्धभूषणच्या लक्षात आलं, की घरात कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलं आहे. गाणं तेच होतं. अण्णांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं. हडपसरच्या एका मांडवात कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर भरलेलं, खरखरणारं, अण्णा गेल्यापासून आई रोज संध्याकाळी लावायची तेच. पेटी होती, झांज होती, अण्णांचा चढा गळा होता. पण ढोलकीची धूम नव्हती. ढोलकीला दोन तोंडं, एक टणटणणारं आणि एक घुमणारं. त्यातलं घुमणारं तोंड कुणीतरी उशीखाली दाबून धरलं होतं. दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं. गाणं चालू आहे ना, मग झालं, असं म्हणून माणसं चहा मागतात. ह्याला कळलं, कारण ती धूम ह्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती, सुट्टीचे दिवस घालवून, प्लायवूडचा भुसा नाकातोंडात घेऊन. खराडीहून कोथरूडपर्यंत अर्धं पुणं तुडवून तो आला होता, ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून डोकं आधीच उठलेलं होतं, आणि आता घरात ही एक. एक बूट पायात, एक हातात, असा तो दारातच थांबला आणि पुन्हा ऐकलं. कान चुकत नव्हता. धूम गेली होती. हातातला बूट तिथेच टाकून, दुसरा तसाच पायात घेऊन तो आत शिरला.

टीव्हीच्या दोन्ही बाजूंना त्याने बांधलेली स्पीकरची दोन खोकी उभी होती, कमरेएवढी, तपकिरी पॉलिश केलेली. डाव्या खोक्याला डावा कान जवळजवळ चिकटवून आई खाली चटईवर बसली होती. डोळे मिटलेले. तो आल्याचं तिला कळलं नव्हतं. हल्ली दार आपटलं तरी कळायचं नाही. बुद्धभूषण वाकला. खोक्याच्या तळाशी, पुढच्या बाजूला, या कडेपासून त्या कडेपर्यंत अंगठा जाईल एवढ्या उंचीची एक फट त्याने ठेवलेली होती, आणि त्या फटीत आता कापड होतं. आईच्या जुन्या सुती साडीचं, मऊ पडलेलं, पट्ट्या करून, घड्या घालून, कुठे जागा राहू नये अशा बेताने आत ठासलेलं. बरणीला दादरा बांधावा इतकं नेटकं. घाईघाईने, रागारागाने कोंबलं असतं तर त्याला कमी लागलं असतं. हे शांतपणे, वेळ काढून, विचार करून केलेलं काम होतं. त्याने उजव्या खोक्याकडे पाहिलं. तिथेही तेच. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. ती वाटेत पोटात जरा थांबते, हे त्याला तेव्हा कळलं. नेमकी त्याच जागी, जिथे लहानपणी शाळेत कुणी आडनाव विचारलं की खड्डा पडायचा.

खोकं म्हणजे नुसती पेटी नव्हे, हे तो ऑफिसात कुणालाही समजावून सांगायला तयार होता. कुणी विचारत नव्हतं, एवढंच. बाजारात आयते स्पीकर मिळत असताना हा माणूस रविवारी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात फळ्या कापून घेत का उभा राहतो, तपकीर गल्लीत वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, हातात धरून त्याच्याकडे टक लावून का बघतो, याचं उत्तर ऐकायला कुणाला वेळ होता? वूफरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा ढकलतो, मागे आला की खोक्यातली. ही आतली हवा बिचारी कोंडलेलीच राहते, तिचं बळ फुकट जातं. तिला एक फट ठेवून दिली, की ती बाहेर येते, आणि एका ठरावीक सुराला पुढची हवा आणि फटीतली हवा जोडीने काम करतात. तो सूर कुठला, ते फट ठरवते. खोक्याच्या आत तळाला समांतर एक फळी बसवायची. तळ आणि फळी यांच्यामधली जी पोकळी, तीच फट. फळी जितकी आतपर्यंत न्यावी, तितका सूर खाली उतरतो. इंटरनेटवर आकडे टाकले की ही लांबी काढून देणारी पानं आहेत, पण ती बहुतेक गोल नळीसाठी असतात. फटीचं तसं नाही. आतल्या तोंडाशी फळी संपते, पण तळ संपत नाही. त्या तळाच्या आधाराने हवा आणखी थोडी चालते, आणि फट मोजावी त्याहून लांब असल्यासारखी वागते. हे त्याला पहिलं खोकं वाया गेल्यावर कळलं. सूर ठरवल्यापेक्षा खाली गेला होता, ढोलकी पलीकडच्या गल्लीत वाजल्यासारखी वाजायची. मग फळी थोडी थोडी कापत, पुन्हा बसवत, पुन्हा ऐकत त्याने सूर वर आणला. कड धारदार राहिली की फटीतून हवा फुसफुसते, म्हणून पॉलिश पेपरने घासून घासून कडा गोल केल्या. कल्याणी, त्याची बायको, गॅलरीत कपडे वाळत घालता घालता म्हणाली होती, "एवढं दारांना घासलं असतंत, तर पावसाळ्यात ती लागली तरी असती." तो हसला होता. त्या दिवसांत त्याला हसू यायचं.

आणि हे सगळं कशासाठी? कानाच्या डॉक्टरांनी आईच्या कानांचा आलेख त्याच्या हातात दिला होता. उजवा कान संपलेला. डाव्याची रेघ सुरुवातीला बरी आणि पुढे सरळ घसरगुंडी. म्हणजे खालचे आवाज शिल्लक, उंच आवाज गेलेले. "जे आहे तेही फार दिवस टिकणार नाही," डॉक्टर म्हणाले, "मशीन लावा." मशीन आईने आठवडाभर लावलं आणि कानात गोम शिरल्यासारखं वाटतं म्हणून डबीत ठेवून दिलं. बुद्धभूषणने हट्ट केला नाही. त्याच्या डोक्यात तोवर वेगळंच सुरू झालं होतं. आईचा कान पुरता जायच्या आत तिला अण्णांचा आवाज एकदा धड ऐकवायचा. घरात जो गळा कधी पुरा उघडलाच नाही, तो एकदा छातीत घुमेल असा तिच्यापुढे उभा करायचा. आलेखात जे शिल्लक दिसत होतं, त्यातच सगळा माल भरायचा. ढोलकीची धूम, अण्णांच्या गळ्यातला खर्ज. म्हणून त्याने फट अशी बेतली, की नेमका तिथे आवाजाला फुगवटा यावा. शास्त्रात हे बसत नाही, जाणकार नाकं मुरडतील, मुरडोत. पहिल्या दिवशी आईने फटीपुढे तळहात धरला होता, आणि ढोलकीवर थाप पडली तशी तिची बोटं दचकली. "वारा येतोय की रे," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. बुद्धभूषणला तेव्हा इतकं बरं वाटलं, की तो स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी पिऊन आला. त्याच फटीत आज तिने साडी कोंबली होती. तिनेच. असं नीट ठासणं तिच्याशिवाय कुणाचं असणार?

आणि त्याला त्यात नवलही वाटलं नाही, हे जास्त वाईट होतं. तो चौथीत असताना, त्याला चांगली शाळा मिळावी म्हणून, हडपसर सोडून ते कोथरूडला दोन खोल्यांत आले. अण्णा कारखान्यातून यायचे, आंघोळ करायचे, पेटी पुढे ओढायचे. 'कचरू आणि त्यांची गायन पार्टी', म्हणजे अण्णांची पार्टी, म्हटलं की तेव्हा वस्त्यावस्त्यांत माणसं जागा धरून बसायची. पण घरी एक ओळ पुरी व्हायच्या आत आतून आईचा आवाज यायचा, "हळू! लोक राहतात आजूबाजूला." मग ती स्वतः बाहेर येऊन खिडकी लावायची. मे महिन्यातसुद्धा. अण्णा आवाज उतरवायचे, मग आणखी उतरवायचे, मग पेटीचा भाता बंद करून पायात चपला सरकवायचे. गाणं घराबाहेर गेलं; मांडवांत, चौकांत, जिथे खिडक्या लावणारं कुणी नव्हतं. बुद्धभूषण कोपऱ्यात दप्तर घेऊन हे बघत असायचा. त्याला हळू बोल असं कुणी कधी सांगितलं नाही. त्याने बघून बघून शिकून घेतलं. आपण इथे राहतो ते लोकांच्या मेहेरबानीवर, आणि मेहेरबानी आवाजाने मोडते. शाळेत उत्तर येत असूनही हात खांद्याच्या वर जायचा नाही. कॉलेजात जयंतीच्या मिरवणुकीत तो ओठ हलवायचा, घोषणा शेजारच्यांच्या. आता ऑफिसच्या मीटिंगमध्ये पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "यू आर ऑन म्यूट," आणि तो म्यूटवर नसायचा. हे सगळं त्याने आईच्या नावावर लिहून ठेवलं होतं. आई भित्री. अण्णांचा गळा हिने खाल्ला आणि माझाही. तिची पेज, तिची औषधं, तिचा कान, सगळं तो निगुतीने करायचा, आणि ते करताना हा राग कायम उकळत असायचा, खाली, मंद आचेवर.

आणि खाली, अगदी पायाखाली, दुसऱ्या मजल्यावर आमोद राहायचा. सोसायटीचा सेक्रेटरी, बुद्धभूषणच्याच वयाचा, इस्त्रीचा टी-शर्ट घालणारा, कुणावर कधी आवाज न चढवणारा. मागे एका चौदा एप्रिलला सकाळी तो पार्किंगमध्ये भेटला आणि म्हणाला, "आज काय, तुमचा दिवस ना? आवाज होणारच. आम्ही समजून घेतो." त्या दिवशी बुद्धभूषणच्या घरात कुकरच्या शिट्टीपलीकडे आवाज नव्हता. वाक्यात शिवी नव्हती. उलट समजूतदारपणा होता. तोच घशात अडकला. आणि बुद्धभूषण काय करतो, तर हसतो! गणपतीच्या दिवसांत त्याच्या खिडकीखाली कर्णा लागायचा, त्याची वर्गणी तो बिनबोभाट द्यायचा, त्याचं एक वेळ जाऊ दे. पण ते हसू त्याने का काढून दिलं? पुढे कितीतरी दिवस स्कूटर सिग्नलला थांबली की तो मनातल्या मनात आमोदला उत्तरं द्यायचा. एकाहून एक उत्तरं. सिग्नल सुटायचा, मागचे हॉर्न वाजवायचे, एखादा शिवी घालून पुढे जायचा. आणि त्या आमोदपायी आज अण्णांच्या खोक्यात बोळे कोंबले गेले होते. दुसरं कारणच असू शकत नव्हतं.

त्याने उजव्या फटीतलं कापड धरून ओढलं. लांबच लांब पट्टी निघत गेली, आणि ती सुटली तशी ढोलकी धाडकन खोलीत आली. आईने डोळे उघडले.

"आलास?" ती म्हणाली. मग त्याच्या हाताकडे बघून, "ए, काढू नको ते. राहू दे."

"कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"आं?"

तो तिच्या कानाशी वाकला. "कुणी सांगितलं? आमोद काही बोलला का?"

"आमोद होय? परवा भेटला की जिन्यात." आईने मान डोलावली. "बोलला."

"अहो, आधी त्यांचं ऐकून तर घ्या," कल्याणी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. पण तोवर तो जिन्यात होता, पट्टी मुठीत गुंडाळून. पायात एकच बूट आहे, हे त्याला आमोदची बेल वाजवल्यावर दिसलं.

आमोदने दार उघडलं. हातात चिवड्याची वाटी, आत बातम्या चाललेल्या. "अरे, ये ना," तो म्हणाला.

"माझ्या आईला काय सांगितलंस तू?"

"मी?"

"हे बघ." त्याने पट्टी पुढे धरली. "स्पीकरमध्ये कोंबलंय तिने. आवाज येतो म्हणालास ना तिला परवा?"

आमोदने पट्टीकडे पाहिलं, मग बुटाकडे. "अरे बाबा, परवा मी त्यांना पाण्याच्या टाकीचं सांगत होतो. साफ करायची आहे, पाणी भरून ठेवा म्हणून. त्यांना ऐकू गेलं की नाही देव जाणे. तुमचा स्पीकर तर आम्हाला ऐकूच येत नाही. खरंच सांगतो."

आणि ते खरं होतं. बुद्धभूषणला लगेच कळलं, ते खरं आहे. खोक्यांखाली जाड रबर त्यानेच घातलं होतं, खाली काही जाऊ नये म्हणून. फोनवर आवाज मोजून, भिंतींना हात लावून लावून बघितलं होतं. आपल्याच कामाने आपल्याला तोंडघशी पाडलं. सॉरी म्हणावं आणि वर जावं, एवढंच उरलं होतं, आणि तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. तेवढ्यात आमोद, पाहुण्याला समजवावं तशा सुरात, म्हणाला, "आणि समजा आला असता आवाज, तरी मी बोललो असतो का? आजकाल तुमच्या लोकांना काही बोलायची सोय राहिली आहे का? उगाच केसबिस व्हायची." आणि हसून त्याने एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"तुमचे लोक म्हणजे कोण?"

"अरे, तसं नाही रे."

"कसं नाही?"

"तू आता शब्दात पकडायला लागलास."

"माझ्या घरात तीन माणसं राहतात, आमोद. त्यातलं एक बहिरं आहे. तुमचे लोक म्हणजे यातलं कोण? सांग ना. नाव घेऊन सांग."

"जरा हळू. लोक जेवायला बसलेत."

"नाही बोलणार हळू!"

जिन्याच्या पोकळीत तो आवाज वर गेला आणि खाली गेला, आणि बुद्धभूषणला क्षणभर वाटलं, आणखी कुणीतरी ओरडतंय. एवढा मोठा आवाज त्याने स्वतःचा कधी ऐकला नव्हता. समोरच्या दाराची कडी वाजली. आमोदचा चेहरा आता पहिल्यांदा बदलला. "हे बघ," तो म्हणाला, "एका पायात बूट, हातात फडकं, आणि मी काहीही केलेलं नसताना माझ्या दारात येऊन तू ओरडतोयस. मला वाटतं, तू आधी पाणी पी." आणि त्याने दार लावलं. आपटलं नाही. आमोद दार कधीच आपटायचा नाही.

बुद्धभूषण वर निघाला. खऱ्या चोराला त्याने भलत्याच चोरीत पकडलं होतं. सिग्नलवर पाठ केलेली सगळी उत्तरं जिथल्या तिथे राहिली आणि जे बाहेर पडलं ते हे. उद्या सोसायटीत गोष्ट काय फिरणार? तो फडकं घेऊन आला, ओरडला, एवढीच. ते 'तुमच्या लोकांना'चं वाक्य गोष्टीतून अलगद गळणार, कारण ते सांगणारा आमोदच. आपण बरोबर होतो आणि तरीही चुकलो, याचा जो संताप असतो, तो साध्या चुकण्यापेक्षा फार वाईट. त्याला थुंकायलाही जागा मिळत नाही. आणि ह्या दारापर्यंत त्याला कुणी आणलं? कुणीच काही म्हटलेलं नव्हतं. कुणाला काही ऐकू जात नव्हतं. हिने आपलं आपणच, कुणी न सांगता, आधीच घाबरून, तोंड बांधून ठेवलं. शेवटच्या चार पायऱ्या चढेपर्यंत सगळा राग आमोदच्या दारावरून उठून वर, घराकडे वळला होता.

आत आई उजव्या खोक्यापुढे बसून उलथन्याच्या दांड्याने नवं फडकं फटीत सारत होती.

"आई!" तो तिच्या कानापाशी जाऊन इतक्या जोरात ओरडला, की कल्याणीने आत गॅस बंद केला. "कुणी काही म्हटलेलं नाही! कुणाला ऐकूही जात नाही! कशाला भितेस एवढी? जन्मभर भीत आलीस. अण्णांना घरात गाऊ दिलं नाहीस. माझा आवाज तर फुटूच दिला नाहीस. आता तो माणूस मेला, तरी त्याच्या तोंडात बोळा?"

हे तिला ऐकू गेलं. जवळून, जाड आवाजात बोललेलं सगळं तिला अजून जायचं. तिने उलथनं खाली ठेवलं, पेन ड्राइव्हवरचं गाणं बंद केलं आणि त्याच्याकडे पाहिलं. एरवी आई, बाहेरच्यांसाठी नंदाबाई, शुद्ध कोथरूड बोलायची. चिडली की तिच्या तोंडी हडपसर यायचं.

"मी भिते? कुणाला भिते रे मी? तुझी ही पेटी नुसती धुडूम धुडूम करती. ढोलकीच ढोलकी. सबूद एक कळंना. धूम दाबली की मागची माणसं जराशी ऐकू येत्यात, म्हणून कोंबलं. भीती कसली त्यात?"

जाड आवाज वरच्या आवाजांना झाकतो; दुबळ्या कानात तर पुरताच झाकतो. हे बुद्धभूषणला ठाऊक होतं. खोकी बांधणारा कुणीही हे पहिल्या आठवड्यात वाचतो. तिच्या उरल्यासुरल्या कानात धूम ठासून भरली होती ती त्याने, हौसेने, कडा गोल करून.

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं की. तू म्हणालास, ग्राफमध्ये तसं दिसतंय."

"पण अण्णांचा आवाज तर त्याच्यातच..."

"तुझ्या बापाचा आवाज मी चाळीस वर्सं ऐकला," आई म्हणाली. "पोट भरलं माझं. मला माझा ऐकायचा हाय."

"तुझा?"

उत्तर दारातून आलं. "त्या टेपमध्ये मागे झील ओढणाऱ्या, अण्णांची ओळ उचलणाऱ्या चौघी आहेत ना," कल्याणी म्हणाली, "त्यात आई आहेत."

"तुला माहीत होतं?"

"त्यांनी सांगितलं मला. तुम्ही फळ्या कापत होतात."

आई कुणासाठी थांबली नाही. इतकी वर्षं थांबलेली बाई एकदा सुरू झाली की तिला ऐकू न येण्याचा फायदाच होतो. "तू व्हायच्या आधी मी पार्टीत व्हते. गावोगाव गेले. टेम्पोत बसून, पहाटे परत यायचो आन् तशीच कामावर जायची मी. मग तू झालास. तुझा बाप म्हणाला, पोराला कोण बघणार, दोन महिने ऱ्हा घरी. दोनाचं वर्स झालं. मग म्हणाला, आता पार्टीचा सूर बसलाय, कशाला हलवायचा. मोडता घातला तो घातलाच. आन् घरी येऊन माझ्याच पुढ्यात गळा काढायचा! मी भाकरी थापतीय आन् हा तीच गाणी म्हणतोय, जी मी म्हणायची. मला सहन व्हत न्हवतं. मग म्हणायची, हळू. लोकं हायत म्हणायची. लोकांना काय पडलंय? त्या वरच्या बाई तर उलट म्हणायच्या, गाऊ द्या हो, छान गातात. खिडकी मी लोकांसाठी लावत न्हवते. त्याच्यासाठी लावत व्हते."

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. बहिऱ्या माणसाचा चढतो तसा, कुठे थांबावं ते न कळता. बुद्धभूषण सोफ्याच्या हातावर टेकला. ती भित्री नव्हती. ती संतापलेली होती. कोपऱ्यात दप्तर घेऊन बसलेल्या पोराने तिचा संताप भीती समजून उचलला, अंगी बाणवला, शाळेत नेला, नोकरीला लावला. खांद्याच्या वर न गेलेला हात, पार्किंगमधलं ते हसू, हे सगळं त्याने ज्या खात्यावर टाकलं होतं, त्या नावाचं माणूसच कधी या घरात राहत नव्हतं. आता कुणावर चिडायचं? अण्णांवर? ते तर भिंतीवर, फोटोत, निळा फेटा बांधून, अजून टाळ्यांची वाट बघत असल्यासारखे. त्यांच्याविषयी इतकी वर्षं त्याला जी माया वाटत आली, दबवलेल्या माणसाविषयी वाटते ती, तिचं काय करायचं? त्याला आईवर नव्याने, पहिल्यापेक्षा जास्त राग आला, की तिने हे आधी का नाही सांगितलं. आणि लगेच कळलं, की कधी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस तो. घरात एक साधा प्रश्न त्याला सुचला नव्हता.

"आज सापडले मी," आई म्हणाली. तिचा स्वर आता खाली आला होता. "इतके दिवस कान लावून बसते, नुसता कालवा. आज कोंबून कोंबून बघितलं तर आले एकदा. अगदी मीच. कान जायच्या आत चार वेळा ऐकून घेते, मग तुझी धूम लाव खुशाल." आणि चटईवर हात आपटून, "ये. इथं बस. बूट काढ आधी."

त्याने बूट काढला आणि तिच्याजवळ जाऊन मांडी घातली. आईने उजव्या फटीतलं उरलेलं फडकं आत सारून पुरं केलं, आणि गाणं नेमकं तिथे आणलं, जिथे अण्णा ओळ सोडतात आणि मागच्या बायका ती उचलतात. 'माझ्या लेकीची पाटी कोरी नाही गं.' खरखरीच्या मागून चार आवाज आले. धूम नसल्यामुळे ते आता खरोखरच वेगळे वेगळे ऐकू येत होते. एक बारीक, काठावरून चालणारा. एक घोगरा, दम लागल्यासारखा. एक सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा येणारा. आणि एक गोड, ठाम, इतरांच्या अर्धं पाऊल पुढे, शेवटचा गं लांबवून धरणारा. त्याने ह्या ओळी शेकडो वेळा ऐकल्या होत्या. फट कापताना ह्याच ओळींवर त्याने सूर जुळवला होता. ह्या बायका त्याला कधी ऐकू आल्या नव्हत्या.

"सांग," आई म्हणाली, "चौघींत मी कुठली?"

तिने ओळ पुन्हा लावली. मग पुन्हा. कल्याणी दाराला टेकून बघत होती. बुद्धभूषणने कान आणखी जवळ नेला. ह्या एका गोष्टीत तरी त्याला चुकायचं नव्हतं. आपल्या आईचा आवाज. रोजचा, जेवायला ये म्हणणारा, ए राहू दे म्हणणारा. तो कुठला असेल? त्या गोड आवाजात काहीतरी ओळखीचं होतं, तो ऐकला की छातीत हलत होतं, आणि तोच असावा असं त्याला मनापासून वाटलं. इतका सुंदर आवाज घरात बसवून ठेवला, म्हणूनच तर एवढा राग.

"ही," तो बोट वर करून म्हणाला. "आत्ता लांबवला तो. ही तू."

आईने गाणं थांबवलं.

"ती रतन," ती म्हणाली. "तुझ्या बापालाही तिचाच आवडायचा."